सहावी ते आठवीच्या पालकांपर्यंत शाळेची माहिती नीट कशी पोहोचवावी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाचवीपर्यंत घरी जाणारा निरोप बहुधा एका वर्गशिक्षकाच्या हातून जातो. सहावीपासून प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात, प्रत्येकाची गृहपाठ सांगायची तऱ्हा वेगळी असते, आणि नेमक्या याच वयात मुले शाळेतले घरी सांगेनाशी होतात. मग ‘आम्हाला काही कळतच नाही’ अशी पालकांची तक्रार येते. शाळा त्यावर उपाय म्हणून आणखी निरोप पाठवते. ग्रुपवर संदेशांचा ढीग पडतो, महत्त्वाचा निरोप त्यात गडप होतो, आणि सहलीच्या दिवशी सकाळी संमतिपत्र नसलेली मुले फाटकाशी उभी राहतात.

या पद्धतीचा गाभा एवढाच: प्रत्येक प्रकारच्या माहितीला एकच जागा, आठवड्यातला एकच ठरलेला दिवस, आणि पाठवण्याआधी सगळे नजरेखालून घालणारी एकच व्यक्ती. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारून साप्ताहिक पत्रक सुरू केले, की संपर्क यादी जुनी असल्यामुळे ते अनेक घरी पोहोचतच नाही आणि दोन महिन्यांत बंद पडते.

## १. जुने निरोप काढा आणि त्यांची वर्गवारी करा

मागच्या दोन महिन्यांत शाळेतून गेलेले सगळे निरोप एकत्र करा: परिपत्रके, ग्रुपवरचे संदेश, डायरीत लिहून दिलेले, फळ्यावर लिहिलेले. त्यांचे पाच गठ्ठे करा.

- कायमची माहिती: शाळेची वेळ, तासांचे वेळापत्रक, रजेचे नियम, गणवेश, मोबाइलचा नियम.
- तारखांची माहिती: चाचण्या, सुट्ट्या, पालकसभा, स्पर्धा.
- पालकांनी काही करायचे आहे अशी: संमतिपत्र, अर्ज, साहित्य आणणे.
- एका मुलापुरती: गैरहजेरी, गुण, वागणूक, तब्येत.
- तातडीची: शाळा लवकर सुटणे, वाहन न येणे, एखादी दुर्घटना.

हे करताना दोन गोष्टी हमखास दिसतात. कायमची माहिती पुन्हा पुन्हा पाठवली गेलेली असते, कारण ती कुठे लिहून ठेवलेलीच नसते. आणि तिसऱ्या गठ्ठ्यातले, म्हणजे पालकांनी काही करायचे असलेले निरोप, शुभेच्छा आणि छायाचित्रांच्या मध्ये अडकलेले असतात. पुढची सारी मांडणी हा तिसरा गठ्ठा वर काढण्यासाठी आहे.

## २. संपर्क यादी दुरुस्त करा

वर्ष सुरू होताना प्रत्येक मुलामागे ही माहिती लेखी घ्या: दोन मोठ्या माणसांची नावे व क्रमांक, त्यांचे मुलाशी नाते, आधी कोणाला फोन करायचा, घरी वाचायला सोयीची भाषा, मुलाला शाळेतून नेण्याची परवानगी कोणाकोणाला, आणि मुलाचे छायाचित्र प्रसिद्ध करायला संमती आहे की नाही.

आई-वडील वेगळे राहत असतील, तर निरोप दोघांनाही जायचे की एकालाच, हे लेखी विचारून ठेवा. तोंडी ठरलेले कार्यालयातला माणूस बदलला की विसरले जाते. आजी-आजोबा किंवा काका-मामांकडे राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत निरोप प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याकडे जायला हवा. नुसते वडिलांचे नाव यादीत असून उपयोग नाही.

नंतर यादी तपासण्यासाठी एक चाचणी संदेश पाठवा: ‘हा चाचणी संदेश आहे. मिळाल्यास मुलाचे नाव व तुकडी लिहून उत्तर द्या.’ ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना तीन दिवसांत फोन करा. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नका.

तपासा: यादीतला क्रमांक मुलाचाच तर नाही ना? या वयात बरीच मुले स्वतःचा किंवा घरात पडून असलेला क्रमांक लिहून देतात.

## ३. जागा ठरवा, आणि थोड्याच ठरवा

तीन जागा पुरतात. एक कायमची, जिथे पालक हवे तेव्हा जाऊन पाहतील: शाळेचे संकेतस्थळ, किंवा छापील पत्रक आणि फाटकाजवळचा सूचनाफलक. दुसरी साप्ताहिक पत्रकाची. तिसरी फक्त तातडीची.

साप्ताहिक पत्रकासाठी व्हॉट्सअ‍ॅप वापरणार असाल तर त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी शाळेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. ‘सगळ्यांना पाठवले होते’ आणि ‘आम्हाला आलेच नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात, ती यामुळे. ग्रुपमध्ये ही अडचण येत नाही, पण तिथे प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. ग्रुप केलाच तर ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग पहिल्या दिवशीच लावा. खुला ग्रुप एकदा गप्पांचा झाला की तो पुन्हा सूचनांचा करणे फार अवघड जाते.

तातडीसाठी साधा एसएमएस ठेवा, कारण त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे मावतात, रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘शाळा’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो चार चिन्हांचा आहे. ‘मुख्याध्यापक’ बारा चिन्हांचा. ७० ओलांडली की संदेश तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे, आणि पैसेही तितक्या तुकड्यांचे लागतात.

सावधान: सूचना चित्र किंवा रंगीत पोस्टर करून पाठवू नका. चित्रातला मजकूर नंतर शोधून सापडत नाही, वाचून दाखवणाऱ्या ॲपला तो बहुधा वाचता येत नाही, आणि छोट्या पडद्यावर तारीख दिसत नाही. साधा टाइप केलेला मजकूर पाठवा.

ज्या घरी स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी तेच पत्रक छापून द्या. वेगळे, तोडके पत्रक नको. शब्दन् शब्द तेच. आणि ते मिळाल्याची सही परत घ्या.

## ४. वर्षाचे दिनक्रमपत्र तयार करा

ही कायमची माहिती. दोन पानांपेक्षा मोठे झाले तर कोणी भिंतीवर लावत नाही. त्यात एवढे हवे:

- फाटक उघडण्याची वेळ, पहिल्या तासाची घंटा, सुटण्याची वेळ. तिन्ही वेगवेगळ्या लिहा. नुसती ‘शाळेची वेळ’ लिहिली की काही मुले घंटेच्या अर्धा तास आधी बंद फाटकाशी येऊन थांबतात आणि काही घंटा झाल्यावर धावत येतात.
- मधल्या सुट्ट्या किती वाजता आणि किती मिनिटांच्या.
- उशीर झाल्यास मुलाने कुठे जायचे: थेट वर्गात की आधी कार्यालयात.
- रजा कशी कळवायची, किती वाजेपर्यंत, कोणाला.
- शाळेतच बरे वाटेनासे झाले तर काय होते. शाळेच्या वेळेत औषध द्यायचे असेल तर ते कोणाकडे सोपवायचे.
- मोबाइल आणला तर तो कुठे राहील आणि घरच्यांना तातडीने बोलायचे झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा.
- हरवलेल्या वस्तू कुठे ठेवतात आणि किती दिवस.
- कोणत्या प्रश्नासाठी कोणाकडे जायचे.

शेवटचा मुद्दा जरा उलगडून लिहा, कारण सहावीच्या पालकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. विषयाचे काही असेल तर विषयशिक्षक, मैत्री, भांडण किंवा एकूण वागण्याचे असेल तर वर्गशिक्षक, दाखला आणि शुल्काचे कार्यालयात, आणि इथे समाधान झाले नाही तर मुख्याध्यापक. प्रत्येकासमोर भेटण्याची वेळ आणि उत्तर किती दिवसांत मिळेल ते लिहा. उत्तरासाठी शाळेचे दोन कामाचे दिवस ही पाळता येण्याजोगी मुदत आहे. जी पाळता येणार नाही ती लिहू नका.

सहावीच्या पत्रकात आणखी एक छोटा भाग घाला: घरचा दिनक्रम. दप्तर रात्रीच वेळापत्रक पाहून भरावे, गृहपाठाची एक ठरलेली वेळ असावी, आणि झोपेची वेळ सकाळच्या घंटेवरून उलटी मोजावी. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. सकाळी ६ ला उठणाऱ्या सहावीतल्या मुलाने रात्री ९ ला झोपले तरी ती किमान मर्यादाच होते. असे मांडून दाखवले की पालकांना ते पटते. ‘मुलांना वेळेवर झोपवा’ एवढ्याने काही होत नाही.

तपासा: पत्रक सातवीतल्या दोन-तीन मुलांना वाचायला द्या. शाळा प्रत्यक्षात जशी चालते तसे त्यात नसेल तर मुले लगेच दाखवून देतात.

## ५. आठवड्याचे चक्र बसवा

पत्रक शुक्रवारी काढा. साहित्य आणायचे, कागदावर सही करायची, कुणाला तरी विचारायचे, हे पालकांना शनिवार-रविवारी जमते. रविवारी रात्री आलेल्या पत्रकात ‘सोमवारी आणा’ असे असेल तर ते न पाठवल्यासारखेच. तुमची आठवडी सुट्टी वेगळ्या दिवशी असेल तर सुट्टीच्या आदल्या शाळेच्या दिवशी पत्रक जाईल असे सारे वार मागे-पुढे करा.

1. बुधवार, शेवटचा तास: संकलन करणारे शिक्षक सर्व विषयशिक्षकांना विचारतात: पुढच्या दोन आठवड्यांत चाचणी, साहित्य, बदल काय आहे? ‘काही नाही’ हेही उत्तर लेखी घ्यायचे.
2. गुरुवार, दुपारी १२: मुदत संपते. त्यानंतर आलेले पुढच्या आठवड्यात.
3. गुरुवार, शाळा सुटल्यावर: मसुदा तयार. प्रत्येक तारखेचा वार दिनदर्शिकेत बोट ठेवून पाहायचा.
4. शुक्रवार सकाळ: मसुद्यात भाग नसलेली दुसरी व्यक्ती वाचते. वाचताना प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न: आता मी नेमके काय करायचे?
5. शुक्रवार, शेवटचा तास: वर्गशिक्षक मुलांना पत्रक वाचून दाखवतात.
6. शुक्रवार, शाळा सुटल्यावर: पत्रक घरी जाते.

पाचवी आणि सहावी पायरी उलटवू नका. घरी विचारणा झाली की मुलाला आधीच माहीत असले पाहिजे. पालकांना कळले आणि मुलाला ठाऊकच नाही, असे झाले की मुलाला वाटते शाळा आपल्या पाठीमागे घरी बोलते, आणि ते आणखी गप्प होते. या वयात ही गोष्ट फार मनाला लागते.

गुरुवारची मुदत सुरुवातीला कोणी पाळणार नाही. एकदा-दोनदा उशिरा आलेली सूचना खरोखर पुढे ढकला. संकलकाने प्रत्येक वेळी सांभाळून घेतले तर दीड महिन्यात पत्रक शनिवारी रात्री निघू लागते.

## ६. सूचना लिहिण्याची पद्धत

पत्रकाची लांबी पडद्यावर दोनदा बोट फिरवण्याइतकी. क्रम कायम ठेवा: आधी पालकांनी करायचे, मग पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखा, मग नियमात किंवा वेळापत्रकात झालेला बदल, आणि शेवटी वर्गात या आठवड्यात काय शिकवले याच्या तीन-चार ओळी.

नेहमी दिसणारी सूचना अशी असते:

> सर्व पालकांना कळविण्यात येते की, दरवर्षीप्रमाणे याही वर्षी इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान केंद्रास भेटीचे आयोजन करण्यात आले असून, तरी इच्छुकांनी संमतिपत्र लवकरात लवकर जमा करावे. अधिक माहिती उद्या देण्यात येईल.

यात तारीख नाही, मुदत नाही, कागद कोणाकडे द्यायचा ते नाही. ‘इच्छुक’ म्हणजे न येणाऱ्यांची त्या दिवशी शाळा आहे की सुट्टी, तेही कळत नाही. हीच सूचना अशी लिहा:

> सातवी अ, ब: संमतिपत्र गुरुवार, १२ तारखेपर्यंत द्या.
> कशासाठी: विज्ञान केंद्राची भेट, मंगळवार, १७ तारीख.
> वेळ: सकाळी ८ ला शाळेतून निघणार, दुपारी ३ ला शाळेत परत.
> सोबत: डबा, पाण्याची बाटली, वही, पेन. मोबाइल नको.
> संमतिपत्र वर्गशिक्षकांकडे द्यायचे. कोरी प्रत बुधवारी, ४ तारखेला वर्गात दिली आहे.
> जी मुले येणार नाहीत त्यांची शाळा नेहमीच्या वेळेत भरेल.

पहिल्या ओळीत तुकडी, कृती आणि मुदत. घाईत असलेल्या माणसाने तेवढीच ओळ वाचली तरी काम व्हायला हवे.

लिहिताना हे पाळा:

- ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या शनिवारी’ हे शब्द वापरू नका. पत्रक कोणी शुक्रवारी वाचतो, कोणी रविवारी. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकले तर दुसऱ्यामुळे चूक उघडी पडते.
- सकाळ, दुपार की संध्याकाळ ते वेळेआधी लिहा.
- एका सूचनेत एकच काम. दोन कामे असतील तर दोन सूचना.
- ‘सर्व पालक’ असे मोघम लिहू नका. आठवीच्या पालकाने सहावीच्या तीन सूचना वाचल्या की तो चौथी, त्याच्यासाठीची, सोडून देतो.
- प्रत्येक पत्रकाला क्रमांक द्या. ‘पत्रक ९ मधली सूचना २’ असे बोलता येते तेव्हा फोनवरची निम्मी डोकेफोड वाचते.

चूक झाली तर: जुना संदेश गुपचूप पुसून नवा टाकू नका, कारण काहींनी जुना वाचून वहीत उतरवून घेतलेला असतो. नव्या संदेशाच्या सुरुवातीला ‘दुरुस्ती’ लिहा, आधी काय लिहिले होते आणि आता काय खरे, दोन्ही सांगा.

## ७. गृहपाठ आणि चाचण्या एकाच तक्त्यात

पत्रकाने गृहपाठाचा प्रश्न सुटत नाही, कारण गृहपाठ रोजचा असतो. त्यासाठी वर्गात फळ्याचा एक कोपरा राखून ठेवा: विषय, काम, कधी द्यायचे. प्रत्येक विषयशिक्षकाने आपला तास संपायच्या पाच मिनिटे आधी तिथे लिहायचे आणि मुलांनी डायरीत उतरवून घेतल्याचे पाहायचे. घंटा वाजल्यावर ओरडून सांगितलेला गृहपाठ अर्धा वर्ग ऐकत नाही.

शिक्षक खोलीत महिन्याचा एक मोठा तक्ता लावा. चाचणी ठरवण्याआधी तिथे नाव लिहायचे. एका तुकडीला एका दिवशी दोनपेक्षा जास्त चाचण्या किंवा प्रकल्प नकोत, तिसऱ्याने दुसरा दिवस घ्यायचा. विषयशिक्षकांना एकमेकांच्या तारखा माहीत नसतात, म्हणून चार-चार कामे एकाच दिवशी येतात आणि घरी रात्री अकरापर्यंत दिवे जळतात.

गृहपाठ पालकांच्या ग्रुपवर रोज टाकावा का? सहावीच्या पहिल्या महिन्यात टाका, त्यानंतर हळूहळू बंद करा. आईच्या फोनमध्ये गृहपाठ येतोच हे कळले की मूल डायरी लिहिणे सोडते, आणि ती सवय आठवीपर्यंत परत लागत नाही. गैरहजर मुलांसाठी मात्र फळ्याच्या कोपऱ्याचे छायाचित्र पाठवण्याची जबाबदारी एका शिक्षकावर ठेवा.

## ८. एका मुलाची गोष्ट त्याच घरी

गुण, शुल्क, गैरहजेरी, शिस्त, तब्येत यांतले काहीही ग्रुपवर जाता कामा नये. नाव न लिहितासुद्धा नाही: ‘दोन मुलांनी आज जे केले...’ असे लिहिले की पाच मिनिटांत साऱ्या वर्गाला नावे कळतात.

गैरहजेरीचा फोन पहिला तास संपण्याआधी करा. सरळ बोला: ‘शाळेतून बोलतोय. मुलगी आज वर्गात नाही. घरी आहे का?’ एवढे विचारून थांबा. मूल शाळेला म्हणून घरून निघाले असेल, तर तो अर्धा तास फार मोलाचा असतो.

वागण्याविषयी बोलायचे असेल तेव्हा काय घडले, कधी, कुठे हे आधी सांगा. स्वभावाविषयी मत नको. शाळेने काय केले, पालकांनी काय करावे, पुन्हा कधी बोलायचे हे सांगून फोन संपवा आणि दोन ओळींची नोंद ठेवा. वाईट बातमी मुलाच्या हातून चिठ्ठीने पाठवू नका.

वर्षाच्या पहिल्या पाच आठवड्यांत वर्गशिक्षकांनी प्रत्येक घरी एक चांगली, नेमकी गोष्ट कळवावी. ४० मुलांच्या वर्गात आठवड्याला आठ संदेश होतात. ‘छान मुलगा आहे’ असे नको. ‘प्रयोगाच्या तासाला गटातल्या नव्या मुलीला त्याने उपकरण मांडायला शिकवले’ असे लिहा. शाळेचा पहिला फोनच तक्रारीचा असला, तर पुढे तो क्रमांक दिसला की पालक धास्तावतात आणि कधी कधी उचलत नाहीत.

## ९. तातडीचे संदेश आधीच लिहून ठेवा

शाळा लवकर सुटणे, शाळा बंद, वाहन उशिरा, मुलांना सुरक्षित ठिकाणी नेले आहे: या चार प्रसंगांचे मसुदे रिकाम्या जागा ठेवून कार्यालयात छापून ठेवा. पाठवण्याचा अधिकार दोघांनाच: मुख्याध्यापक, आणि ते नसताना ठरलेली दुसरी व्यक्ती.

> शाळा आज ११ वाजता सुटेल. मुलांना न्यायला फाटक क्र. २ वर या.

हा मजकूर ५८ चिन्हांचा आहे, एका एसएमएसमध्ये बसतो. प्रसंग लांबला तर नवी माहिती नसली तरी दर अर्ध्या तासाने संदेश द्या, आणि सगळे निवळल्यावर ‘प्रसंग संपला, सर्व मुले घरी गेली’ असा शेवटचा संदेश न चुकता पाठवा. तो न गेल्यास अफवा दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात.

सावधान: शाळेचे संदेश कोणत्या क्रमांकावरून येतील आणि शाळा फोनवर ओटीपी किंवा पासवर्ड कधीच मागणार नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. शाळेच्या नावाने शुल्क मागणारे खोटे संदेश येतात तेव्हा पालकांना एवढी एक खूण पुरते.

## १०. पोहोचले का ते पाहा

संदेशाला दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे पत्रक समजले असे नाही. परत आलेले कागद मोजा. मुदतीच्या दोन दिवस आधी ज्यांचे संमतिपत्र आले नाही त्यांची यादी काढा आणि फक्त त्यांनाच आठवण द्या. सगळ्या वर्गाला आठवण दिली की ज्यांनी वेळेत दिले ते वैतागतात. त्याच त्याच घरांची नावे तीनदा आली तर तिथे फोन करून विचारा: फोन बदलला आहे, भाषा अडते आहे, की वाचायला वेळ मिळत नाही? कारणाप्रमाणे उपाय वेगळा, आणि तो दुसऱ्या टप्प्यातल्या यादीत नोंदवायचा.

कार्यालयात फोनशेजारी एक वही ठेवा. पालकांचा प्रत्येक प्रश्न एका ओळीत तिथे उतरवायचा. एकच प्रश्न आठवड्यात पाच वेळा आला तर ती सूचना चुकीच्या पद्धतीने लिहिली गेली, किंवा दिनक्रमपत्रात तो मुद्दाच नाही. बुधवारी संकलक पुढच्या पत्रकासाठी माहिती मागायला निघतात, त्याआधी त्यांनी ही वही वाचायची.

प्रत्येक सत्राच्या शेवटी वेगवेगळ्या तुकड्यांतल्या पाच पालकांना फोन करून तीन प्रश्न विचारा: पुढची चाचणी कधी आहे? रजा कोणाला कळवायची? गेल्या पत्रकात तुम्हाला काय करायला सांगितले होते? तिघांना एकाच प्रश्नावर अडखळायला झाले, तर पुढच्या सत्राआधी तो मजकूर नव्याने लिहा.